माँटे क्रिस्टो: कादंबरीत नसलेली तलवार सिनेमात आली कुठून?

प्रश्न थोडक्यात असा आहे की २००२ चा 'द काउंट ऑफ माँटे क्रिस्टो' बघितला, वेड लागलं, शेवटची तलवारबाजी मागे घेऊन घेऊन चारदा पाहिली, मग हौसेने अख्खी कादंबरी आणली आणि आता निम्मी संपली तरी कोणी तलवार उपसायला तयार नाही, नुसत्या मेजवान्या, बँका आणि कोणाचं लग्न कोणाशी. तर सिनेमावाल्यांनी मनाला येईल ते केलंय का, आणि २०२४ चा फ्रेंच सिनेमा आधी बघू की कादंबरी संपवू?

मी बावीस वर्षं पटकथा लिहितेय, त्यातली निम्मी कादंबऱ्यांवरून, जास्त करून मालिका आणि दोन सिनेमे. त्यामुळे उत्तर जरा लांबेल. आणि शेवट सगळे फुटणार आहेत हे आधीच सांगते, नंतर शिव्या घालू नका.

पुढची निम्मी कादंबरी वाचलीत तरी ते द्वंद्व तुम्हाला मिळणार नाही, ते त्यात नाहीच. द्यूमाने ही गोष्ट १८४४ च्या ऑगस्टपासून १८४६ च्या जानेवारीपर्यंत पॅरिसच्या एका दैनिकात हप्त्याहप्त्याने लिहिली, ११७ प्रकरणं, आणि एवढ्या पसाऱ्यात काउंट (म्हणजे दगा देऊन चौदा वर्षं तुरुंगात टाकलेला खलाशी एडमंड दांतेस, जो खजिना मिळवून सूड घ्यायला काउंट बनून परत येतो) आपल्या तिघा शत्रूंपैकी एकालाही स्वतःच्या हाताने मारत नाही. तिघांची वाट लागते पण ती त्यांच्याच पापांनी, हा फक्त दोऱ्या ओढत बसतो. एका ठिकाणी तलवार अगदी तोंडाशी येते. त्या तिघांतल्या फर्नांडची अब्रू भर सभागृहात गेलेली असते, तो तणतणत काउंटच्या घरी येतो आणि म्हणतो तुझं खरं नाव सांग, तलवार छातीत खुपसताना मला ते नाव घ्यायचंय. आता इथे कुठलाही फाईट मास्टर हात चोळत उभा राहील की नाही? आणि द्यूमा काय करतो, काउंट आतल्या खोलीत जातो, टाय काढतो, कोट काढतो, वेस्टकोट काढतो, खलाशाचं जुनं जाकीट आणि टोपी घालून बाहेर येतो. बस. फर्नांड त्याच्याकडे बघतो, ओळखतो, भिंतीला धरत धरत मागे सरकतो, घरी जातो तर बायको-मुलगा घर सोडून निघालेले दिसतात, आणि तो स्वतःला गोळी घालतो. कपडे बदलून जिंकलेलं द्वंद्व! मी आजवर वाचलेल्या सूडाच्या सीनमध्ये याच्या जवळ जाणारा दुसरा नाही, आणि तरी मला हा सीन जशाच्या तसा सिनेमात टाकायला सांगितला तर मी दहादा विचार करीन, कारण इथपर्यंत येताना वाचकाने शेकडो पानं वाट बघितलेली असते आणि त्या वाट बघण्याचं वजन त्या जाकिटात असतं. दोन तासांच्या प्रेक्षकाने ते वजन उचललेलंच नसतं हो, त्याला नुसतं जाकीट दिसणार.

दुसरं उदाहरण, माझं सगळ्यात आवडतं. डांग्लारला, म्हणजे तिघांतला जो आता करोडपती बँकर झालाय त्याला, काउंट कसा बुडवायला लागतो? त्या काळी फ्रान्समध्ये विजेची तार यायच्या आधीचा टेलिग्राफ होता, टेकडीटेकडीवर मनोरे, मनोऱ्यावर लाकडी हात, एकाने हात हलवून खूण करायची, पुढच्याने दुर्बिणीतून बघून तीच खूण पुढे करायची. खुणेचा अर्थ बिचाऱ्या मधल्या माणसाला माहीतच नसतो. पॅरिसजवळच्या मोंलेरीच्या मनोऱ्यावरचा असा एक माणूस आहे, वर्षाला हजार फ्रँक पगार, मनोऱ्याखाली वीतभर बाग, आणि त्याचं आयुष्यातलं एकमेव दुःख म्हणजे घुशीसारखं एक जनावर येऊन त्याची फळं खाऊन जातं. काउंट त्याच्याशी आधी स्ट्रॉबेरीबद्दल बोलतो. बागेबद्दल बोलतो. मग हळूच पंचवीस हजार फ्रँक समोर ठेवतो, म्हणतो यात घर येईल, जमीन येईल आणि उरलेल्याच्या व्याजावर तुझा आत्ताचा पगार तुला बसून मिळेल, फक्त समोरच्या मनोऱ्याकडे पाठ कर आणि मी देतो त्या तीन खुणा पुढे पाठव. खोटी बातमी मंत्रालयात जाते की स्पेनचा डॉन कार्लोस नजरकैदेतून निसटला, मंत्रालयातून ती डांग्लारच्या बायकोच्या मित्राकडे, तिथून बायकोकडे, बायकोकडून नवऱ्याकडे, नवरा धडाधड स्पॅनिश रोखे विकतो, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात येतं की धुक्यामुळे खूण वाचायला चूक झाली. भाव परत वर. लाखो फ्रँक गेले. आणि हे सगळं करताना काउंटचा आवाजसुद्धा चढलेला नाही, ते जनावर मात्र त्याने त्या माणसाच्या आयुष्यातून कायमचं घालवलं.

आता हे शूट करा बघू.

चेष्टा नाही करत, हा माझ्या पोटापाण्याचा प्रश्न आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मराठी कादंबरीवरून मालिका लिहीत होते, नाव सांगत नाही, त्यात काका पुतण्याची जमीन लाटतो आणि पुतण्या पंधरा वर्षांनी शिकून येऊन कागदोपत्री एक एक तुकडा परत मिळवतो. मला ते फार आवडलं होतं. मी जीव ओतून लिहिलं, फेरफार, सातबारा, लिलावाची नोटीस, तलाठ्याचा चहा, सगळं. चॅनेलच्या मीटिंगमध्ये एक मुलगा, वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस, शांतपणे म्हणाला ताई, सगळं छान आहे पण सातबारा कॅमेऱ्यात मारामारी कशी करणार? मी तेव्हा घरी येऊन रडले होते. एपिसोडमध्ये शेवटी काका-पुतण्याची चिखलात झटापट घातली आणि त्या आठवड्यात आकडा वर गेला हेही सांगून टाकते. नंतर कधीतरी डोकं थंड झाल्यावर पटलं की त्या पोराचा प्रश्न बरोबर होता, उत्तर चूक होतं. कागद भांडत नाही हे खरंच आहे, मग कागदाच्या जागी काय आणायचं हे ठरवताना नुसती चिखलातली मारामारी आणायची की असं काही आणायचं जे कागदाचं काम करेल, त्यात सगळी गंमत.

आणि २००२ वाल्यांनी इथे खरं डोकं चालवलंय. केव्हिन रेनॉल्ड्सचं दिग्दर्शन, जे वोलपर्टची पटकथा, १३१ मिनिटं. वोलपर्टने पहिला धाडसी बदल हा केला की फर्नांड आणि एडमंडला जिवलग मित्र केलं. कादंबरीत फर्नांड हा एडमंडची होणारी बायको मर्सिडीज (हो, नाव गाडीसारखंच) हिचा चुलतभाऊ, मासे धरणारा, एडमंडवर पहिल्या भेटीपासून जळणारा. त्याने दगा दिला तर धक्का कसला बसायचाय. मित्राने दिला की बसतो. आणि या मित्राचं कारण काय, तर लहानपणी वाढदिवसाला एडमंडला साधी शिट्टी मिळाली आणि फर्नांडला घोड्याचं शिंगरू, आणि तरी शिट्टीवाला जास्त खूश होता. ही शिट्टी कादंबरीत कुठेच नाही, वोलपर्टची आहे, आणि मला विचाराल तर सबंध पटकथेतली सगळ्यात चांगली जागा तीच. श्रीमंताला गरिबाचा हेवा का वाटतो ते एका वाक्यात सांगून मोकळा झाला.

दुसरा बदल, एडमंडला निरक्षर केलं. कादंबरीतला दांतेस जहाजाचा फर्स्ट मेट, एकोणीस वर्षांचा, आता कॅप्टन होणार, म्हणजे चांगला लिहिता-वाचता. सिनेमातल्याला अक्षर येत नाही. यावर बरेच पुस्तकप्रेमी नाक मुरडतात की जहाज चालवणारा अडाणी कसा. पण एका दगडात दोन पक्षी बघा, एक तर ज्यापायी तो पकडला जातो ते नेपोलियनने दिलेलं पत्र त्याने उघडून का नाही वाचलं हा प्रश्नच मिटला, आणि दुसरं म्हणजे तुरुंगात फारियाने, म्हणजे तिथे भेटलेल्या म्हाताऱ्या पाद्र्याने, त्याला काय दिलं ते डोळ्यांना दिसतं. कादंबरीत तो गणित शिकतो, इतिहास शिकतो, भाषा शिकतो, वाचायला मस्त, पण पडद्यावर भाषा शिकणारा माणूस म्हणजे पुस्तक घेऊन बसलेला माणूस. अक्षर न येणाऱ्याला अक्षर आलं की प्रेक्षकाला फरक कळतो.

आणि तिसरा, तलवार. इथे तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. सिनेमा परत बघाल तेव्हा फक्त एक करा, एडमंडच्या हातात तलवार किती वेळा येते आणि प्रत्येक वेळी तो कसा दिसतो तेवढंच बघा. सुरुवातीला एल्बा बेटावर ब्रिटिश सैनिकांशी झटापट होते तिथे हा वेडावाकडा हात फिरवतोय आणि फर्नांड सराईत. मग अटकेच्या रात्री हा निसटून मदतीसाठी फर्नांडच्याच घरी जातो, आणि मित्र उलटलाय हे कळतं ते तलवारीनेच, फर्नांड त्याला मांजर उंदराला खेळवतं तसं खेळवतो, सहज हरवतो. मग तुरुंग. कादंबरीतला फारिया पंडित आहे, सिनेमातला पाद्री आधी सैनिक होता, तो याला लाकडाच्या दांडक्याने शिकवतो, ठिबकणाऱ्या पाण्याच्या थेंबांमधून हात न भिजवता काढायला लावतो. बाहेर पडल्यावर किनाऱ्यावर चोरट्या व्यापाऱ्यांमध्ये चाकूची लढाई, तिथे हा जिंकतो आणि समोरच्याला सोडून देतो, तो याकोपो, पुढे सिनेमाभर याच्या मागे सावलीसारखा. आणि शेवटी परत फर्नांड. म्हणजे ही नुसती साहसाची फोडणी नाहीये, तलवार ही तिथे फूटपट्टी आहे. आई दारावर पेन्सिलीने पोराची उंची मारून ठेवते ना तसं, दर टप्प्यावर एक रेघ. कादंबरीत हेच काम पैसा आणि माहिती करतात. सातबाऱ्याच्या जागी आणलेली वस्तू सातबाऱ्याचं काम करतेय.

तलवारबाजी बसवली होती विल्यम हॉब्जने, आणि हे नाव आमच्या धंद्यात लोक कानाला हात लावून घेतात. १९७७ चा 'द ड्यूएलिस्ट्स', १९९५ चा 'रॉब रॉय', दोन्ही त्याचे. त्याच्या लढायांमध्ये माणसं दमतात. श्वास लागतो, पाय घसरतो, तलवार जड होते, रागाच्या भरात चुकीचा वार होतो. शेवटच्या लढाईत फर्नांडकडे बघा, त्याचा हात अजून चांगलाच आहे पण सुरुवातीचा तो आरामशीरपणा गेलाय, हरायची सवय नसलेला माणूस हरायला लागला की कसा दिसतो तसा दिसतोय तो. गाय पिअर्सने हा रोल काय खाल्लाय! जिम केविझेल हिरो म्हणून ठीक, चांगला आहे, पण मला त्या सिनेमात व्हिलनकडेच बघावंसं वाटतं.

आता फारियाबद्दल थोडं, कारण इथे मला राहवत नाही. माझं माहेर म्हापशाचं. लहानपणी पणजीला गेलं की जुन्या सचिवालयाजवळ तो पुतळा दिसायचा, झग्यातला एक माणूस वाकून दोन्ही हात पुढे करून उभा आणि खाली एक बाई कोसळलेली. आम्हा पोरांची खात्री होती की हा बाबा तिचा गळा दाबतोय, तिथून जाताना आम्ही पळायचो. तो आबे फारिया. खरा माणूस. जोझे कुस्तोदियो द फारिया, १७५६ साली कांदोळीला जन्मला, पंधराव्या वर्षी बापाबरोबर लिस्बनला गेला, पाद्री झाला, पुढे पॅरिसला पोचला आणि तिथे संमोहनाचे प्रयोग करून गाजला. त्याचं म्हणणं असं की संमोहन हे करणाऱ्याच्या अंगातल्या कुठल्या चुंबकीय शक्तीने होत नाही, होणाऱ्याच्या स्वतःच्या मनाने होतं, आणि हे त्या काळी फारसं कोणी म्हणत नव्हतं. १८१९ ला पॅरिसमध्येच वारला. गोव्यात त्याची एक गोष्ट प्रत्येक घरात सांगतात, की पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचन द्यायला उभा राहिला आणि समोर ते दरबारी बघून वाचाच बसली, तेव्हा बापाने मागून हळूच कोकणीत सांगितलं, ही सगळी भाजी, कातर रे भाजी. म्हणजे समोर बसलेत ते सगळे भाजीपाला आहेत, काप बिनधास्त. आणि पोरगा सुटला. खरं-खोटं देव जाणे, पण मी आजही पहिल्या नरेशनला जाताना लिफ्टमध्ये हे मनात म्हणते.

द्यूमाने हे नाव उचललं आणि इटालियन पाद्र्याला दिलं. त्यामुळे सिनेमात गोव्याचा फारिया शोधायला जाऊ नका, तो नाही. कादंबरीतला इटली एक करायच्या नादात तुरुंगात गेलाय, २००२ मध्ये रिचर्ड हॅरिस, २०२४ मध्ये पिएरफ्रांचेस्को फाविनो, जो निदान इटालियन तरी आहे. पण गंमत अशी की कादंबरीतला फारिया जे सगळ्यात मोठं काम करतो ते संमोहनाच्याच जातीचं आहे. दांतेसला आपण तुरुंगात का आलो हेच माहीत नसतं. फारिया त्याला फक्त विचारत जातो, तू कॅप्टन झाला नसतास तर कोणाचा फायदा, तुझं लग्न मोडलं तर कोणाचा. मग डाव्या हाताने चार शब्द लिहून दाखवतो, की ज्या निनावी पत्रावरून तुला पकडलं त्याचं अक्षर असं होतं का? दांतेस हादरतो, हुबेहूब तसंच. कारण फारियाचं म्हणणं, डाव्या हाताने लिहिलेली सगळ्यांची अक्षरं एकमेकांसारखीच दिसतात. बसल्या जागी, अंधारात, पुराव्याचा एक कपटाही नसताना म्हातारा तिन्ही गुन्हेगार काढून देतो. आणि लगेच त्याला पश्चात्ताप होतो की मी हे सांगायला नको होतं, कारण आता तुझ्या मनात सूड शिरला. हा सीन नीट वाचा. अख्ख्या पुस्तकाची किल्ली इथे आहे.

इथूनच २००२ बद्दलच्या माझ्या तक्रारीकडे येते. तलवार आणली याबद्दल तक्रार नाही, किंमत काढून टाकली याबद्दल आहे. कादंबरीत काउंट तिसऱ्या शत्रूच्या, म्हणजे त्याला तुरुंगात धाडणाऱ्या सरकारी वकील व्हिलफोरच्या घरात हळूहळू विष पसरू देतो, म्हणजे अक्षरशः विष, व्हिलफोरची दुसरी बायको एकेकाला विष घालतेय आणि काउंटला ते माहीत आहे, आणि शेवटी ती स्वतः मरते आणि आठ-नऊ वर्षांच्या पोराला, एदुआर्दला, बरोबर घेऊन जाते. व्हिलफोर काउंटला हाताला धरून नेतो आणि ती दोन प्रेतं दाखवतो, की बघ, झाला तुझा सूड? काउंट त्या पोराला उचलून आत नेतो, शुद्धीवर आणायची खटपट करतो. नाही येत. बाहेर येतो तर व्हिलफोर बागेत कुदळ घेऊन खणतोय, वेडा झालेला. इथपर्यंत काउंट स्वतःला देवाचा हात समजत होता. त्या पोराच्या प्रेतापाशी पहिल्यांदा त्याला वाटतं की आपल्याला हा अधिकार नव्हता. म्हणून मग उरलेल्याला, डांग्लारला, तो जिवंत सोडतो, दरोडेखोरांच्या गुहेत एका कोंबडीचे एक लाख फ्रँक याप्रमाणे जवळजवळ सगळा पैसा काढून घेतो पण सोडतो.

सिनेमात एदुआर्द नाही. हायदे नाही, म्हणजे जिच्या बापाला फर्नांडने दगा दिला आणि जिला गुलामांच्या बाजारात विकलं ती मुलगी, जी भर सभागृहात येऊन साक्ष देते, कादंबरीतली माझी सगळ्यात लाडकी बाई, ती सबंध गाळली. आणि फर्नांडचा मुलगा आल्बेर हा खरं तर एडमंडचाच मुलगा निघतो (तो हेन्री कॅव्हिल आहे, पोरसवदा, सुपरमॅन व्हायच्या कितीतरी आधीचा). म्हणजे शेवटी हिरोला बायको मिळाली, मुलगा मिळाला, खजिना आहेच, शत्रू मेला आणि हाताला रक्तही सेल्फ डिफेन्सचंच लागलं. सूड फुकटात पडला. एवढी स्वस्त खरेदी मला पचत नाही. अर्थात हे पाप एकट्या २००२ चं नाही, १९३४ च्या हॉलिवूडच्या सिनेमातही मर्सिडीज शेवटी हिरोकडेच येते, आणि त्याही आधी अमेरिकेत याचं नाटक तुफान चालायचं, जेम्स ओनील नावाच्या नटाने काउंटचे हजारो प्रयोग केले, इतके की पुढे लोकांना तो दुसऱ्या कुठल्या भूमिकेत चालेनासा झाला. नाटककार यूजीन ओनीलचा बाप तो. प्रेक्षकाला या माणसाला सुखी बघायचंच असतं, चौदा वर्षं अंधारकोठडीत काढली ना त्याने, मग द्या की त्याला सगळं परत. मला कळतं ते. माझी आईसुद्धा तेच म्हणाली असती.

२०२४ चा फ्रेंच, मात्यू दलापोर्त आणि अलेक्झांद्र द ला पातेलिएर या दोघांनी लिहिलेला आणि केलेला, १७८ मिनिटं, पिएर नीने काउंट. फ्रान्समध्ये नव्वद लाखांच्या वर तिकिटं गेली याची. आणि गंमत बघा, फर्नांडला मित्र करायचा बदल यांनीही ठेवलाय, शेवटची लढाईही ठेवलीय. म्हणजे खुद्द फ्रेंचांनाही, ज्यांच्या घरचं हे पुस्तक, दोन्ही गोष्टी टाळता आल्या नाहीत. मला एक प्रकारे वोलपर्टबद्दल आदर वाढला ते बघून. पण यांनी किंमत परत आणली. यांचा काउंट हायदेला आणि आंद्रेआ नावाच्या एका टाकलेल्या पोराला हाताशी धरून, घडवून, शत्रूंच्या घरात पेरतो, वेगवेगळे चेहरे लावून स्वतः हिंडतो, आणि हळूहळू आपल्याला दिसतं की हा माणूस त्या दोन पोरांचं तेच करतोय जे त्याचं झालं होतं, दुसऱ्याच्या हिशोबात त्यांचं आयुष्य खर्ची घालतोय. एदुआर्द नाही, पण एदुआर्दचं काम ही दोन पोरं करतात. हायदेलाही यांनी बदललंय, ती आल्बेरच्या खरोखर प्रेमात पडते आणि शेवटी त्याच्याबरोबर निघून जाते, काउंट एकटाच जहाजावर. कादंबरीत ती काउंटबरोबर जाते. पुस्तकातल्या शब्दापासून हे लांब आहे, पण पुस्तकाच्या जिवाला धरून आहे. आणि खरं सांगू का, चाळिशी ओलांडलेला काउंट आणि विशीतली हायदे हे पुस्तकातसुद्धा मला कायम जरा खटकतं.

तक्रारी याच्याबद्दलही आहेत. ड्रोनने घेतलेले समुद्र फार, म्युझिक सतत कानात ओरडतं, आणि व्हिलफोरची बहीण म्हणून आंजेल नावाचं नवं पात्र घातलंय तिच्या खांद्यावर कथेचं इतकं ओझं टाकलंय की बिचारी वाकते.  तीन तासांत शिट्टीसारखी एकही जागा नाही हेही खरं.

बरं, कादंबरीबद्दल. तुम्ही निम्म्यावर अडकलात ना, तिथे सगळेच अडकतात, रोमच्या कार्निव्हलनंतर एकदम पॅरिसमधल्या नव्या नव्या घरांमध्ये नवी नवी माणसं सुरू होतात आणि आपला दांतेस कुठे गेला कळत नाही. याचं कारण मजेशीर आहे. द्यूमाने स्वतःच लिहून ठेवलंय की त्याच्या डोक्यात गोष्ट रोमपासूनच सुरू होत होती, गूढ श्रीमंत काउंट आणि त्याचा सूड, जवानी आणि तुरुंग नुसतं नंतर कोणीतरी सांगायचं. त्याचा सहलेखक ओगुस्त माके म्हणाला, अहो तुम्ही सगळ्यात भारी भागच गाळताय, मार्सेय, ती पोरगी, दगा, चौदा वर्षं. द्यूमाने ऐकलं. म्हणजे आपण ज्यासाठी वेडे झालोय तो पहिला भाग, शातो दीफचा तुरुंग, फारिया, प्रेताच्या पोत्यातून पळणं, हे सगळं मुळात फ्लॅशबॅकमध्ये चार ओळींत संपणार होतं! आणि माकेचं नाव कव्हरवर नाही. १८५८ मध्ये तो कोर्टात गेला, पैसे मंजूर झाले, नाव नाही मिळालं. हे वाचलं तेव्हा मी माझ्या दोन असिस्टंट पोरींना फोन करून जेवायला बोलावलं होतं.

तर रोमच्या पुढे रेटून वाचा, आणि वाचताना एक चिठ्ठी पुस्तकात ठेवा, त्यावर कोण कोणाचा कोण लिहून काढा, मीही ठेवते, लाजायचं काही नाही. विशेषतः व्हिलफोर, डांग्लारची बायको आणि बेनेदेतो (सिनेमातला आंद्रेआ तोच) यांचं काय नातं आहे ते. संक्षिप्त आवृत्ती घेऊ नका, कापणारे नेमकी मनोऱ्याची आणि विषाची प्रकरणं कापतात आणि मग उरतो तो २००२ चा सिनेमा वजा तलवार, त्यापेक्षा सिनेमाच बरा. मधेच कंटाळा आला तर २०२४ चा खुशाल बघून घ्या, कथा इतकी वेगळी वळलीय की पुस्तकाचं फारसं काही बिघडणार नाही, पण फ्रेंचमध्येच बघा, सबटायटल लावून, डबिंगमध्ये नीनेचा थंडपणा मरतो.

आणि ते तुरुंगाचं बेट खरं आहे का, हे खाली कोणीतरी विचारेलच म्हणून आत्ताच सांगते. खरं आहे, मार्सेयच्या समोर समुद्रात, बोटीने जाता येतं. २००२ चं शूटिंग मात्र तिथलं नाही, ते माल्टाच्या कोमिनो बेटावरच्या एका बुरुजाचं आहे. खऱ्या शातो दीफमध्ये एका कोठडीला चक्क एडमंड दांतेसची कोठडी म्हणून दाखवतात, भिंतीत भोक वगैरे सगळं. जो माणूस कधी जन्मलाच नाही त्याची कोठडी, आणि लोक रांग लावून त्या भोकात डोकं घालून फोटो काढतात.